मुकादमाचं न ऐकणारं आतडं

उखा मुकादमाचा सगळ्या जगाविषयी एकच सिद्धांत होता. नीट हाक मारली की काहीही उचललं जातं. सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड मार्केटात एकतीस वर्षं पार्सलं उचलून आणि उचलायला लावून त्याचं हे मत पक्कं झालं होतं आणि ते खोडून काढायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. शेवटी ते खोडलं त्याच्याच आतड्यानं, तेही चारचौघांत.

उखा मूळचा शिंदखेड्याकडचा. तेविसाव्या वर्षी सुरतेला आला, डिंडोलीत खोली केली आणि पुढं तिथंच घर बांधलं. सहा जणांची टोळी त्याच्या हाताखाली. सगळे खान्देशी, सगळे घरी आणि कामावर अहिराणीत बोलणारे, शेठपुढं मात्र गुजराती झाडणारे. साड्यांची पार्सलं तागात शिवून तयार झाली की एकेक शंभर-सव्वाशे किलोचं धूड होतं आणि मार्केटातली मालाची लिफ्ट वर्षातले निम्मे दिवस रुसलेली असते. मग उखा पार्सलाच्या डोक्याशी उभा राहायचा आणि हाक द्यायचा, "धरा रे." टोळी म्हणायची, "धरं." तो म्हणायचा, "दम ल्या रे." टोळी म्हणायची, "लिधा." मग उखा नुसताच "है" म्हणायचा आणि पार्सल जमिनीवरून असं उठायचं की समोरचा दुकानदार हातातला चहा थांबवून बघत राहायचा.

पण या टोळीचा खरा कायदा उचलण्यात नव्हता, ठेवण्यात होता. खाली ठेवायची हाक फक्त मुकादमानं द्यायची. दोन वर्षांपूर्वी उखाचा चुलतभाऊ गणपत, जो टोळीत त्याचा उजवा हात होता, तो घाईघाईत "ठेवा" म्हणून बसला. तिघांनी ठेवलं, तिघांनी धरून ठेवलं, पार्सल कलंडलं आणि एकाच्या पायाचा अंगठा सपाट झाला. त्या दिवसापासून उखानं सांगून टाकलं होतं की मी "ठेवा" म्हणेपर्यंत प्रत्यक्ष कानबाई माता येऊन सांगू लागली तरी हात सोडायचा नाही. गणपत हे वाक्य मनावर घेतलेला माणूस होता. ते पुढं नडलं.

तर अशा माणसाला दोन वर्षांपूर्वी जांघेत एक गाठ दिसली. खोकला की फुगायची, आडवं पडलं की आत जायची. शहाण्या माणसानं डॉक्टर गाठला असता. उखानं काय केलं, तर चादरीच्या कापडाची एक जाड पट्टी फाडली आणि गाठ करकचून बांधून टाकली. उखाच्या हिशेबी अंगातलं सगळं मांस हे त्याच्या टोळीतलंच होतं. दंडाला सांगितलं की दंड फुगतो, मांडीला सांगितलं की मांडी तटतटते, तेव्हा पोटालाही एकदा दम भरला की ते गप्प बसेल. पुष्पाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, "दवाखानामा चाला" असा धोशा लावला होता. त्यावर तो म्हणायचा, "माले काय व्हयनं? मी पार्सल उचलस ना?" माणूस पार्सल उचलतो म्हणजे ठणठणीत असतो, या समजुतीवर निम्मं मार्केट उभं आहे आणि बाकीचं निम्मं दवाखान्यात.

श्रावणातल्या एका शुक्रवारी ती गाठ पट्टीखाली दगडासारखी झाली आणि आत जायलाच तयार होईना. उखा वाकला तो वाकलाच. टोळीनं त्याला मालाच्या टेम्पोत घालून जवळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं. सर्जन म्हणाला, आतडं अडकून काळं पडलंय, आत्ताच्या आत्ता कापावं लागेल. वीतभर आतडं काढून दोन टोकं जोडली. उखाला शुद्ध आली तेव्हा नाकात नळी होती, हातात सलाईन होतं, छातीला तारा चिकटवल्या होत्या आणि अंगात मागून बांधायचा एक हिरवा झगा होता. या चारांतलं त्याला सगळ्यात जास्त काय झोंबलं असेल, तर तो झगा.

आता तो शुक्रवार कोणता होता, हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नागपंचमी नुकतीच झाली होती आणि येत्या रविवारी कानबाई बसायची होती. खान्देशी माणूस सुरतेत येऊन सगळं विसरेल, कानबाई विसरणार नाही. उखाच्या घरची रीत अशी की आदल्या शुक्रवारी दिवेलागणीच्या आत रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू मोजायचे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. ज्याच्या नावाची मूठ मोजली नाही, तो माणूस आता घरचा उरला नाही, असा त्याचा अर्थ. मूठ घरच्या कर्त्याची, म्हणजे उखाची, आणि उखाची मूठ म्हणजे काही साधं माप नव्हतं. त्या गव्हाचा रोट करायचा, तो घरच्यांनी आणि भावकीनंच खायचा, उंबऱ्याबाहेर एक कण जाऊ द्यायचा नाही आणि काहीही झालं तरी पौर्णिमेचा चंद्र उगवायच्या आत संपवायचा. एकतीस वर्षांत उखाचा वाटा कधी शिल्लक राहिला नव्हता. यंदा पौर्णिमा पुढच्या शनिवारी होती आणि उखाला पाण्याचा थेंबही बंद होता.

"कधी खायला मिळेल?" असं त्यानं शुद्धीवर आल्या आल्या विचारलं. नूतन सिस्टर म्हणाली, "काका, वारा सरला की."

नूतन सिस्टर सुरतेतच जन्मलेली, पण आईबाप परभणीकडचे, लूमवर, यंत्रमागावर, काम करून तिला नर्स केलेले. मराठी बोलताना मधे गुजराती कधी घुसायची तिचं तिलाही कळत नसे. तिनं उखाला सांगितलं की आतड्याला हात लागला, कापाकापी झाली की ते झोपी जातं. ते जागं झालं की पोटातला वारा खाली सरकतो आणि बाहेर पडतो. तो पडला की समजायचं, जोड धरला, रस्ता मोकळा झाला. मग पाणी, मग चहा, मग पेज.

उखाला ही अट फारच सोपी वाटली. या कामासाठी त्याला आयुष्यात कधी हाक द्यावी लागली नव्हती, उलट चारचौघांत थोपवूनच धरावं लागलं होतं.

शनिवार गेला. रविवार गेला. घरी कानबाई बसली, सोमवारी वाजतगाजत तिचं विसर्जन झालं. डिंडोलीतून निघालेल्या मिरवणुकीचा ढोल योगेंद्रनं, म्हणजे उखाच्या मुलानं, फोनवरून बापाला ऐकवला. उखाचं पोट मात्र नगाऱ्यासारखं फुगून गप्प पडलं होतं. रोज सकाळी सर्जनसाहेब राउंडला यायचे आणि सहा खाटांच्या वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "वाछूट थई, काका?" आणि ज्या माणसाच्या एका हाकेनं मार्केट थांबायचं, तो माणूस भिंतीकडं तोंड करून मान हलवायचा. नाही झाली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधून योगेंद्रचे दोस्त विचारू लागले. गावाकडून मामांचा फोन आला. सुनेच्या, वर्षाच्या, माहेराहून फोन आला. सगळे एकच विचारायचे, "व्हयनं का?" आयुष्यात उखाच्या कुठल्याच कामाची इतक्या लोकांनी इतक्या आस्थेनं वाट पाहिली नव्हती. त्याच्या लग्नातसुद्धा नाही.

सोमवारी दुपारी नूतन सिस्टर सलाईन बदलायला आली, तर उखा डोळे मिटून, दात आवळून, लालबुंद होऊन पडलेला. ती घाबरलीच.

"काका, काय होतंय?"

"हाक देतोय," उखा नळीमुळं घोगऱ्या झालेल्या आवाजात म्हणाला. "आतल्या आत."

सिस्टरनं आधी त्याला दम दिला की असा जोर लावाल तर टाके तुटतील. मग तिला बहुतेक दया आली. शेजारच्या खाटेवर टेकून ती म्हणाली, "काका, तुमच्या टोळीत माणसं किती?"

"सहा."

"अंगात टोळ्या तीन आहेत. तुम्ही एकीचेच मुकादम आहात."

उखानं डोळे उघडले. टोळीची भाषा त्याला समजत होती.

"पहिली टोळी हाडांना बांधलेली," सिस्टर म्हणाली. "दंड, मांड्या, पाठ, जीभसुद्धा. दुर्बिणीखाली धरलं तर यांचे धागे पट्ट्यापट्ट्यांचे दिसतात. ही हुकमाची टोळी. डोक्यातून हुकूम सुटला की आखडते आणि हाड ओढते. आणि बघा, स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून पुढचा दंड हात वाकवतो आणि सरळ करायला मागचा लागतो. जोर भारी, पण दमते पण लवकर."

"दमते कशानं? आमी तिसऱ्या मजल्यावर दोन पार्सलं..."

"दमते, काका." सिस्टर पुढं म्हणाली, "दुसरी टोळी पोटाच्या आतली. जठर, आतडी, मूत्राशय, रक्ताच्या नळ्या, सगळ्यांच्या भिंतीत. तिच्यावर पट्टे नाहीत. प्लेन."

"साटीनसारखी," उखा म्हणाला.

"हां, साटीन. ही सावकाश काम करते, पण दमत नाही आणि तुमचं ऐकत नाही. तुम्ही घास गिळेपर्यंत मालक. घास खाली उतरला की तुमचा संबंध संपला. मागून आवळायचं, पुढून सैल सोडायचं, असं करत ती माल पुढं सरकवते. तुम्हाला विचारत नाही. तुम्ही झोपलात तरी करते. आता ती रुसलीय, तर तिला ओरडून उपयोग नाही. चालायचं. दिवसातून चार वेळा या पॅसेजमधून चक्कर मारायची. तिला बरं वाटलं की ती उठेल."

एखादी टोळी मुकादमाशिवाय काम करते, हे उखाला मनापासून पटलं नाही. "आणि तिसरी?" त्यानं विचारलं.

सिस्टरनं खाटेशेजारच्या मशीनकडं बोट केलं. हिरवी रेघ टेकड्या काढत पळत होती. उखाची नाडी अधूनमधून उड्या मारते म्हणून हे मशीन त्याला अजून लावून ठेवलं होतं. "तिसरी ही. काळजाची. धागे पट्ट्यांचे, पहिलीसारखे. ऐकणं मात्र दुसरीसारखं, म्हणजे कोणाचंच नाही. तिची हाक तिच्या आतच सुटते आणि सगळे धागे एकमेकांना असे जोडलेले की एकाला कळलं की सगळे एकदम ओढतात. आईच्या पोटात असल्यापासून एक पाळी चुकली नाही. दिवाळीला लूम बंद होतात, हिला सुट्टी नाही. आणि असते केवढी? ज्याच्या त्याच्या मुठीएवढी."

उखानं आपली मूठ मिटून पाहिली. ती पाहून त्याला पहिल्यांदा आठवलं ते काळीज नव्हे, रोट. शुक्रवारी तो इथं पडलेला असताना घरी गहू मोजले कोणी आणि कोणाच्या मुठीनं, हे त्याला माहीतच नव्हतं.

चालायचं खरं, पण चालणार कसं? तो झगा मागून उघडा होता. उखा म्हणाला, मेलो तरी चालेल, पण या कपड्यात पॅसेजमधून जाणार नाही. सिस्टरनं समजावलं, साहेबांनी समजावलं, तो ढिम्म हलला नाही. पहिल्या टोळीचा मुकादम होता ना, तिला "चाल" म्हणायचं की नाही हे त्याच्या हातात होतं. ही भानगड सोमवारी संध्याकाळी पुष्पाबाईनं मिटवली. तिनं घरून त्याची निळी लुंगी आणली आणि झग्यावरून स्वतःच्या हातानं नेसवली.

आणखी एक गोष्ट सिस्टरच्या ध्यानात आली होती. रोज चार वाजता भेटीची वेळ व्हायची, वॉर्डाच्या दारात पुष्पाबाई दिसायची आणि मशीनवरचा आकडा अठ्ठ्याहत्तरवरून ब्याण्णववर जायचा. ती खाटेजवळ बसली की हळूहळू खाली यायचा. सोमवारी सिस्टरनं हे पुष्पाबाईला हसत सांगून टाकलं. बासष्ट किलोची ती पोक्त बाई पदर तोंडाला लावून खिडकीकडं बघत बसली. उखानं श्वास रोखून आकडा खाली आणायचा प्रयत्न केला. तो सत्त्याण्णव झाला.

"डॉक्टर काय बोलना?" पुष्पाबाईनं विषय बदलला.

"मन्हं आतडं झोपेल शे," उखा म्हणाला. "मन्हा वाटाना रोट?"

"शे. डब्बामा पीठ ठेवेल शे. पुनवले घर या, मी ताजी खीर करी दिसू." मग तिनं त्याच्या पोटाकडं पाहिलं. "घर या बस."

मंगळवारी सकाळी साहेबांनी पोट चाचपलं, कान लावून ऐकलं आणि या वेळी ते हसले नाहीत. "काले सवार सुधी जोईए, काका. नहीं तो फरी खोलवुं पडशे." हे गुजराती उखाला सिस्टरनं समजावून सांगायची गरज नव्हती. एकतीस वर्षं झाली होती त्याला सुरतेत. उद्या सकाळपर्यंत वारा सरला नाही, तर पोट पुन्हा उघडणार. मग शनिवारची पौर्णिमा इथंच. आणि दुसऱ्यांदा उघडलेल्या पोटाचं काय होईल, हे साहेबांनी सांगितलं नाही, उखानंही विचारलं नाही. त्याला भीती वाटली. खरीखुरी, पोटातून येणारी भीती वाटली, आणि पोट तेवढ्यानंही हललं नाही.

त्या दिवशी तो मुकाट्यानं लुंगी सावरत, सलाईनचा स्टँड ढकलत पॅसेजमधून चार नाही, सहा चकरा चालला.

चार वाजता पुष्पाबाईच्या आधी टोळी आली. सहाच्या सहा जण, मार्केटातून थेट, खांद्यावर तागाचे धागे तसेच चिकटलेले. गणपत सगळ्यांत पुढं. उखानं त्यांना उद्याचं सांगितलं. ते ऐकून सहाही जण खाटेजवळ सरकले. मग गणपतनं घसा खाकरला.

"मुकादम, तुम्ही हाक दी सकतस नही. नळी शे. बरोबर?"

"बरोबर."

"मंग आम्ही देतस. तुम्ही नुसतं दम ल्या."

उखानं सिस्टरच्या तीन टोळ्यांचं सांगायचा प्रयत्न केला, पण घोगऱ्या आवाजात ते धड निघालं नाही, आणि खरं सांगायचं तर मनातून त्यालाही वाटत होतं की करून बघायला काय हरकत आहे. माणूस घाबरला की शिकलेलं विसरतो, त्यात हे तर कालच शिकलेलं. टोळी खाटेभोवती उभी राहिली. आता रिकामे हात ठेवायचे कुठं? हाक देताना हात रिकामे ठेवायची कोणाला सवयच नव्हती. म्हणून तीन जणांनी इकडची, तीन जणांनी तिकडची पट्टी धरली. खाटेच्या लोखंडाची.

"धरा रे," गणपत म्हणाला.

"धरं."

"दम ल्या रे."

"लिधा." हे उखासुद्धा म्हणाला.

"है."

बारा हातांना त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. खाट उचलली गेली. नुसती उचलली नाही, तर सवयीनं थेट खांद्यावर गेली आणि उखा मुकादम नाकातल्या नळीसकट, लुंगीसकट, छातीच्या तारांसकट वॉर्डाच्या पंख्याजवळ जाऊन पोचला. सलाईनचा स्टँड एकानं दुसऱ्या हातात उचलून धरला होता, कारण माल हलवताना सोबतचं सामान सोडायचं नाही, हेही उखानंच शिकवलं होतं. समोरच्या खाटेवरचा अपेंडिक्सचा पेशंट उठून बसला. मशीन ओरडायला लागलं. एकशे तीस, एकशे बत्तीस.

नूतन सिस्टर धावत आली आणि दारातच थिजली. "अरे, शुं करो छो? खाली ठेवा. आधी खाली ठेवा."

टोळी हलली नाही. सिस्टरनं पुन्हा सांगितलं, मराठीत, गुजरातीत, हिंदीत. वॉचमन येऊन सांगून गेला. सहा जण खांद्यावर खाट घेऊन शांत उभे. ही तर नुसती सिस्टर होती, प्रत्यक्ष कानबाई सांगायला आली असती तरी सोडायचं नव्हतं. तेवढ्यात पुष्पाबाई वॉर्डाच्या दारात आली, तिनं आपला नवरा तिरडीवरच्या माणसासारखा खांद्यांवर आडवा पाहिला, आणि ती पुढं धावली.

"गणपत," ती कशीबशी म्हणाली, "ठेव ना रे."

गणपतला घाम फुटला होता. त्याला सपाट अंगठा दिसत होता. "वहिनी, मी नही सांगी सकस. मुकादमनीच सांगाले पाहिजे."

सगळे वर बघू लागले. वर उखा दोन्ही हातांनी खाटेच्या कडा धरून पडला होता. त्यानं खाली पुष्पाबाईचा चेहरा पाहिला, आपल्या टोळीची सहा टाळकी पाहिली, सहाही जण त्याच्या एका शब्दासाठी ताटकळलेले, आणि त्याला एकदम हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदा. टाक्यांना कळ लागली तरी ते थांबेना. हसतच त्यानं नळीतून जमेल तेवढी हाक दिली.

"हळू रे. ठेवा."

खाट फरशीला टेकली, चारही पाय एकदम, आवाज न करता. आवाज झाला तो त्यानंतर. तो कसला होता, याबद्दल वॉर्डात कोणालाही शंका उरली नाही. समोरच्या अपेंडिक्सवाल्यानं टाळी वाजवली. पुष्पाबाई रडू लागली, आणि रडता रडता हसायलाही लागली.

टोळीला वॉचमननं बाहेर काढलं. जाताना गणपत असा चालला होता, जणू त्यानं हजीऱ्याच्या बंदरातली बोट एका हाकेत धक्क्याला लावलीय. सिस्टरनं नंतर उखाला परोपरीनं सांगितलं की हे त्या हाकेनं झालं नाही. चार दिवस झाले होते, आतडं जागं व्हायची वेळ झालीच होती, सकाळपासूनच्या सहा चकरांचा गुण आला. मार्केटात मात्र आजही हे गणपतच्या नावावर आहे.

पुढं सगळं रांगेनं झालं. बुधवारी घोट घोट पाणी, गुरुवारी चहा, शुक्रवारी पेज. शनिवारी, म्हणजे पौर्णिमेला, दुपारी दोन वाजता उखा रिक्षातून डिंडोलीच्या घराशी उतरला. दोन महिने काही उचलायचं नाही आणि खायचं ते पातळ, दोन वाट्यांच्या वर नाही, असं साहेबांनी बजावलं होतं.

घरात योगेंद्र भिंतीला टेकून पाय पसरून बसला होता. बाप आला तरी त्याला पटकन उठता येईना. वर्षाचाही चेहरा ओढलेला. "काय व्हयनं तुम्हले?" उखानं विचारलं.

"रोट," योगेंद्र म्हणाला. "सहा दिवस झाले, सकाळ-संध्याकाळ पुरणपोळी. संपतच नाही बाबा."

उखा, योगेंद्र आणि पाळण्यातला नातू, घरात पुरुष तीन. तीन सव्वा मुठींचा रोट दोन दिवसांत फस्त व्हायचा. उखानं कोपऱ्यातला डबा उघडून पाहिला. अजून तळाला चार बोटं पीठ होतं.

"कोननी मूठ?" त्यानं विचारलं.

"मन्ही," पुष्पाबाई चुलीशी पाठमोरी राहून म्हणाली.

"तुन्ही मूठ तर एवढीशी शे."

 खीर ढवळता ढवळता पुष्पाबाईनं सांगितलं. शुक्रवारी त्याला ऑपरेशनला आत नेलं आणि योगेंद्रनं तिला घरी पाठवलं, कारण दिवेलागणीच्या आत गहू मोजायचे होते. ती सूप घेऊन बसली. नवऱ्याच्या नावाची मूठ आधी मोजली. मग वाटलं, मोजली का? ध्यानात राहीना. राहिली असली तर? म्हणून पुन्हा मोजली. मग पुन्हा वाटलं.

"कितली येळ?"

"सात," ती म्हणाली. "सातवी येळ योगेंद्रना फोन उना, का तुम्हले बाहेर आणं. मंग हात थांबना."

 सिस्टर म्हणाली होती, हाताचे स्नायू हुकमाचे. डोक्यातून हुकूम सुटल्याशिवाय मूठ मिटत नाही. त्यानं पुष्पाबाईच्या हाताकडं पाहिलं. लहानसा, भाजल्याचे डाग पडलेला हात. शुक्रवारी या हाताला सात वेळा हुकूम कोणी दिला होता, हे विचारायला सिस्टर तिथं नव्हती, आणि उखाला विचारायचीही गरज वाटली नाही. त्याचे डोळे भरून आले होते. छातीला आता मशीन नव्हतं म्हणून बरं.

तेवढ्यात गणपत आला. भावकीतला असल्यामुळं त्याला रोटाचा हक्क होता आणि आज तर गरजच होती. पाचही जण खाली बसले. वर्षानं सगळ्यांपुढं वाट्या मांडल्या, उरलेल्या पिठाची पातळ खीर भरली. चंद्र उगवायच्या आत डबा रिकामा व्हायला हवा होता. उखानं एकवार सगळ्यांकडं पाहिलं.

"धरा रे," तो हळूच म्हणाला.

"धरं," घरानं उत्तर दिलं आणि वाट्या उचलल्या.

उखानं पहिला घोट घेतला. गूळ, वेलची, गहू. घोट घशाखाली उतरला आणि त्याच्या हुकमाबाहेर गेला. आत कुठंतरी झोपमोड झालेल्या माणसासारखं काहीतरी कुरकुरलं आणि कामाला लागलं. त्यानं पहिली वाटी संपवली. दुसरी संपवली. आपला वाटा सात मुठींचा आहे, हे त्याला आता ठाऊक होतं आणि त्यातला कणही कोणाला द्यावा असं त्याला वाटत नव्हतं. त्यानं तिसऱ्यांदा वाटी पुढं केली. खाली ठेवायची हाक त्याची होती आणि ती द्यायचा त्याचा मुळीच विचार नव्हता.

"ठेवा," पुष्पाबाई म्हणाली.

एकतीस वर्षांत ही हाक दुसऱ्या कोणी दिली आणि उखानं ऐकली, असं पहिल्यांदाच घडत होतं. गणपतची वाटी अर्ध्यातच थांबली, तो घाबरून मुकादमाकडं पाहू लागला. पण उखाचा हात केव्हाच खाली आला होता. वाटी फरशीला टेकली होती आणि तिचा आवाजसुद्धा झाला नव्हता.